हार घातलात, आता जबानी घ्या

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी काय झालं, हे मराठी माणसाच्या स्मरणात राहिलं ते एका सावकारी निरोपामुळे. त्या निरोपात मेलेल्यांची नावं नाहीत, नाणी आहेत. सर्वांत थोर माणसं मोती झाली, सरदार मोहरा झाले आणि बाकीचे हजारो लोक रुपये आणि खुर्दा झाले. मोत्यांचा आकडा निरोपात आहे, मोहरांचाही आहे. खुर्द्याची मात्र गणती नाही. शाळेत हा निरोप आम्हाला सांकेतिक भाषेचा नमुना म्हणून शिकवला. बाई जरा थांबून म्हणायच्या, बघा, किती थोडक्यात केवढं दुःख! दुःख होतंच. पण त्यात हिशेबाची एक पद्धतही होती, आणि अडीचशेहून अधिक वर्षांत ती पद्धत आपण सोडलेली नाही.

माझी तक्रार सैनिकांचा सन्मान करणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यांच्या यादीत साहित्यातल्या माणसांना मी सर्वांत वर ठेवते. घरातला, गल्लीतला, मैत्रीतला कुणी फौजेत असेल तर आपण त्याच्यासाठी काय करतो? शाल, श्रीफळ, हार, २६ जानेवारीला पहिल्या रांगेतली खुर्ची. तो मेला तर कमान आणि चौकाला नाव. त्याचं म्हणणं काय, हे त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत उतरवून घ्यावं असं फार थोड्यांना वाटतं. माझ्या मते सन्मान तोच. बाकी सगळा मानपान आहे आणि तो करणाऱ्याच्या सोयीचा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव दगडी फलक बसवले. सातारा जिल्ह्यात, कोकणात ते अजून दिसतात. चावडीच्या भिंतीत, वेशीजवळ, कुठे चुन्याच्या थरांखाली बुजलेले. मजकूर ठरीव. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या लढाईत गेले, त्यांपैकी इतके मेले. दोन आकडे. नाव नाही.

त्या आकड्यांतली पुष्कळ माणसं इराकच्या वाळूत गेली. त्या मुलखाला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कूत अल अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. उपासमार, शरणागती, मग कैदेतली पायपीट. त्या मोहिमेत मेलेल्यांचं स्मारक १९२९ साली बसऱ्यात उभं राहिलं. ब्रिटिश मृतांची नावं त्यावर कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. भारतीय शिपायांचे मात्र पलटणवार आकडे लिहिले: आणि आणखी इतके. फ्रान्समधल्या न्यव्ह शापेलच्या स्मारकावर, १९२७ साली, चार हजार सातशेहून अधिक भारतीयांची नावं कोरली गेली होती. म्हणजे जो युरोपात मेला त्याला नाव मिळालं आणि जो इराकात मेला तो आकड्यात गेला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली स्वतःच्या चौकशी अहवालात हा भेद मान्य केला आणि माफी मागितली. तोवर त्या शिपायांची नातवंडंसुद्धा म्हातारी झाली होती.

इंग्रजांना दोष देऊन इथे थांबणं सोपं आहे. पण नाव कोरलं तर काय होऊ शकतं, हे दाखवणारा स्तंभही इंग्रजांनीच पुण्याजवळ उभारला. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावं त्यावर आहेत. कंपनीने ती स्वतःच्या विजयाच्या फुशारकीसाठी कोरली, यात शंका नाही. पण त्यांतल्या अनेक नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ही महारांची नावं आहेत, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. १८९० च्या सुमाराला याच समाजाची भरती सरकारने बंद केली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनीत आलेले शिपाई. त्यांनी १८९४ साली ती भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज लिहिला. त्याआधी ‘विटाळ विध्वंसन’ नावाची पुस्तिका काढून अस्पृश्यतेबद्दल धर्माधिकाऱ्यांना प्रश्न विचारले होते. आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी आले. शंभराहून अधिक वर्षं दगडावर पडून असलेली नावं कुणीतरी आपली म्हणून वाचली आणि इतिहास हलला. खुर्द्याची गणती झाली तर काय होतं, याचं मराठीतलं हे सर्वांत मोठं उदाहरण आहे. पलटणीत लिहायला शिकलेला माणूस पेन्शनीत आल्यावर काय लिहील, याचा भरवसा नसतो. त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या पुतळ्याला आपण जास्त पसंती देतो, त्यामागे हे एक कारण आहे.

आता कुणी म्हणेल, नावांचा प्रश्न सुटला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक खुलं झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथे आहेत, शिपायापासून वरपर्यंत. हे चांगलं झालं, आणि फार उशिरा झालं. पण नाव ही दाराची कडी आहे. आत माणूस बसलेला आहे.

माझे मामा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. १९६८ साली भरती झाले, सतरा वर्षं नोकरी केली, पेन्शनीत आले, आता सातारा जिल्ह्यात स्वतःच्या शेतात असतात. त्यांनी एकही गोळी शत्रूवर झाडलेली नाही. श्रीनगरहून लेहच्या रस्त्याने त्यांनी पीठ, डाळ, रॉकेल, सिमेंट आणि माणसं वर पोचवली. जोजीला घाट साडेअकरा हजार फुटांवर. गाड्यांचा ताफा एका बाजूने वर जायचा तेव्हा दुसऱ्या बाजूचा थांबून राहायचा. रॉकेल वर पोचलं नाही तर बुखारी पेटत नाही, आणि बुखारी पेटली नाही तर माणूस गोळीशिवाय मरतो. “लढाई चौदा दिसांची हुती बाये,” मामा १९७१ बद्दल म्हणतात, “गाडी म्या सतरा वर्सं चालवली.”

पेन्शनीत आल्यापासून गावाने त्यांना दोन प्रश्न विचारले आहेत. कोट्यातली बाटली आणली का, आणि किती मारले? पहिल्याचं उत्तर ते देतात. दुसऱ्याला हसतात. ग्रामपंचायतीसमोर वीर जवानांचा फलक लागला, त्यावर त्यांचं नाव नाही, कारण ते जिवंत परत आले. जिवंत आलेल्याला दगडावर जागा नसते. मामांची याबद्दल काही तक्रार नाही. माझी आहे.

कारण मी अनुवादक आहे आणि मला त्यांची पत्रं ठाऊक आहेत. आंतर्देशीय पत्र, पत्त्याच्या जागी ‘मार्फत ५६ एपीओ’. आपण कुठे आहोत ते लिहायचं नाही, कुठे निघालो तेही नाही. मामीला वाचता येत नव्हतं. पत्र शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे, ओसरीवर, सासऱ्यांसमोर. उत्तरही तेच लिहायचे. आता सांगा, अशा पत्रात नवऱ्याने बायकोला काय लिहावं? इकडील सर्व क्षेम. पाऊस कसा आहे. बैल विकू नये. एक सेन्सॉर सैन्याचा, दुसरा ओसरीचा, आणि दुसरा जास्त कडक. सतरा वर्षांचा संसार या दोन चाळण्यांतून खाली पडला. दर पत्राच्या शेवटी मामा एक ओळ लिहीत: तांबडीला सांभाळ. घरात तांबडी गाय कधीच नव्हती. ती ओळ कुणासाठी होती हे मामीला कळत होतं आणि गुरुजींनाही कळत असावं. ते ती जरा हळू वाचत, एवढं मामी सांगते. सावकाराच्या निरोपातली सांकेतिक भाषा तुम्ही मुलांना खुशाल शिकवा. त्याच्या शेजारी ही ओळही ठेवा.

हे आमच्याच घरात घडलं असं नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून भारतीय शिपायांनी लिहिलेली हजारो पत्रं सेन्सॉरच्या कचेरीतून गेली. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याच्यासाठी लेखनिक लिहायचा. कचेरीतला माणूस त्यातले उतारे इंग्रजीत करायचा. पत्र गावी पोचल्यावर तिसराच कुणी ते मोठ्याने वाचायचा. मूळ पत्रं बहुतेक गेली. इंग्रजी उतारे ब्रिटिश लायब्ररीत सुखरूप आहेत आणि इतिहासकार डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतले निवडक १९९९ साली पुस्तकरूपाने छापले. म्हणजे पंजाबी, गढवाली, मराठी माणसांनी घरच्यांना सांगितलेलं आज आपण वाचतो ते त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्याच्या इंग्रजीत. सीताराम पांडे या सुभेदाराच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या आठवणींची गतही हीच. १८७३ सालचं इंग्रजी भाषांतर आहे, मूळ हस्तलिखित नाही, आणि हा माणूस खरोखर होता का यावर अभ्यासक अजून भांडतात. मूळ गमावून भाषांतर सांभाळणारा समाज अनुवादकांना चांगला वाटायला हवा. मला तो भयंकर वाटतो.

त्याहून विचित्र गोष्ट बर्लिनजवळच्या व्यून्सडॉर्फची. पहिल्या महायुद्धात तिथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी भारतीय शिपायांना कर्ण्यासमोर उभं केलं आणि त्यांचे आवाज मुद्रित केले. त्यांना उच्चार हवे होते, माणूस नको होता. तरीही त्या तबकड्यांवर गावची आठवण काढणारे, परत जाऊ द्या म्हणणारे आवाज टिकले. शत्रूने व्याकरणासाठी ऐकलं, सरकारने बंडाच्या भीतीने वाचलं. आपण प्रेमापोटी काय केलं?

आपण विशेषणं दिली. अनुवादक म्हणून शब्दांबद्दल थोडं बोलायचा मला अधिकार आहे. जुन्या मराठीत लढाईत मेलेला माणूस ‘कामी आला’. या शब्दात कोरडेपणा आहे, पण खोटेपणा नाही. तो कुणाच्या कामी आला, असं निदान विचारता येतं. मग ‘वीरगती’ आली, ‘हुतात्मा’ आला, आणि आता सगळीकडे ‘शहीद’. गंमत अशी की सरकारी कागदात हा शब्द नाही. संरक्षण मंत्रालयाने २०१७ साली केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितलं की सैन्यात ‘शहीद’ ही संज्ञा वापरली जात नाही, ‘बॅटल कॅज्युअल्टी’ ही वापरली जाते. तरी तो फ्लेक्सवर असतोच. असू दे. पण तो कुठून आला ते तरी पाहा. अरबीत या शब्दाचं मूळ साक्ष देण्यात आहे, आणि उर्दूत ‘शहादत’चा एक अर्थ आजही साक्ष असाच आहे. शहीद म्हणजे साक्षीदार. साक्षीदाराला कोर्टात बोलवायचं, उभं राहून टाळ्या वाजवायच्या, गळ्यात हार घालायचा आणि जबानी न घेता घरी पाठवायचं, असं आपलं चाललं आहे. मेलेल्याची जबानी घेता येत नाही हे खरं. मग त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा, जिवंत परत आलेला माणूस कुठे आहे? बहुतेक वेळा तो तुमच्या फाटकावर असतो.

हैदराबादेत मी राहते त्या इमारतीच्या फाटकावर सिग्नल्समधून निवृत्त झालेले एक नायक आहेत. पौडी गढवालचे. रोज संध्याकाळी आमच्या गप्पा होतात, आणि आता ते माझे मित्र आहेत. अनेक वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजवर रात्रपाळी केली. सगळी पलटण माझ्या कानातून गेली, असं ते म्हणतात. १५ ऑगस्टला ते पहाटे उठून दोरी बांधतात, फुलं घडीत ठेवतात, खुर्च्या लावतात. भाषण मात्र निवृत्त कर्नल करतात. कर्नल भले गृहस्थ आहेत, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण इमारतीत दोन माजी सैनिक आहेत, आणि एक मोहोर आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा माजी सैनिक आहे हेच अर्ध्या लोकांना ठाऊक नाही.

आता साहित्यवाले. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही विल्फ्रेड ओवेन वाचला, रेमार्कची १९२९ ची कादंबरी वाचली, जर्मन खंदकातल्या पोरासाठी गळा दाटून आला. तो दाटायलाच हवा होता. पण गदाधर सिंहांचं ‘चीन में तेरह मास’ आमच्या यादीत नव्हतं. १९०२ साली छापलेलं हे हिंदी पुस्तक, चीनच्या मोहिमेवर गेलेल्या राजपूत पलटणीतल्या माणसाचं. ज्या देशाला चिरडायला आपल्याला आणलं त्या देशाची कीव येणारा सैनिक त्यात आहे. शिशिर सर्वाधिकारी यांचं बंगाली ‘अभि ले बगदाद’ही नव्हतं. तेही कूतच्या वेढ्यात होते, बंगाल अँब्युलन्स कोअरमध्ये, आणि कैदेत टिपणं ठेवणारे होते. त्याच वेढ्यात आमच्या तीन पलटणी होत्या. वीस वर्षं मी हिंदी आणि तेलुगूतून मराठीत अनुवाद करते आहे. या काळात संपादकांनी मला आत्मकथनं दिली, फाळणीच्या कथा दिल्या, संतांची चरित्रं दिली. शिपायाचं, ड्रायव्हरचं, लंगरातल्या आचाऱ्याचं पान एकदाही आलं नाही.

का येत नाही, हे मी ओळखून आहे. आपल्या वर्तुळात सैनिक हा विषय संशयाचा आहे. त्याच्याबद्दल आस्थेने लिहिलं की युद्धखोरांच्या रांगेत बसवतील, अशी भीती वाटते. म्हणून आपण तो विषय त्यांच्यासाठी मोकळा सोडला, आणि वर पुन्हा त्यांची भाषा भडक आहे म्हणून नाक मुरडतो. मैदान सोडून गेलेल्याने खेळाबद्दल बोलू नये. युद्धाला विरोध करणाऱ्याला तर सैनिकाच्या जबानीची गरज सर्वांत जास्त, कारण युद्धात काय होतं ते त्याला ठाऊक आहे आणि आपल्याला नाही.

दुसऱ्या बाजूचेही आक्षेप येतील. सैनिकाला भीतीबद्दल, कंटाळ्याबद्दल, तक्रारीबद्दल विचारणं हा त्याचा अपमान आहे, असं म्हणतील. माझा अनुभव उलट आहे. मामांना सर्वांत राग येतो तो ‘भीती वाटलीच नसेल ना?’ या कौतुकाचा. भीती वाटली नसती तर गाडी दरीत गेली असती, असं ते म्हणतात. भीती नाकारली की त्यांचं कसबच नाकारलं जातं. गुप्ततेचं म्हणाल, तर ज्या गोष्टी गुप्त ठेवायच्या त्या सैनिक आपल्याहून चांगल्या जाणतो. गोठलेलं डिझेल, करपलेली डाळ आणि तांबडी गाय यांवर कुणाचा शिक्का नाही.

सैन्याचं ‘सैनिक समाचार’ हे नियतकालिक तेरा भाषांत निघतं, त्यांत मराठीही आहे. म्हणजे सैनिकाशी तेरा भाषांत बोलण्याची सोय सरकारने केलेली आहे. तेरा भाषांत ऐकण्याची सोय कोण करणार? ज्या अंकात मराठीच्या शेजारी मल्याळम आणि आसामी छापली जाते, त्याच्या वाचकांहून या कामाला योग्य माणसं मला दिसत नाहीत. ही माणसं सापडायला दूर जावं लागत नाही. प्रत्येकाचा कुणी मामा, वर्गमित्र, शेजारी, फाटकावरचा नायक आहे. तो बोलतो ती भाषा कुठल्याच शब्दकोशात नाही. घरची बोली, पलटणीतली हिंदी, मोडलेली इंग्रजी हुकुमी क्रियापदं, ‘फॉलिन’, ‘पिट्टू’, ‘बडा खाना’. ती सुधारू नका. तिचं शुद्ध मराठी किंवा शुद्ध काहीही करू नका. सेन्सॉरच्या कारकुनाने ते काम पुरेसं केलेलं आहे.

आणि घाई करा. १९६२ ला जो वीस वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे. १९७१ ची माणसं सत्तरी ओलांडून गेली. त्यांच्या बायकाही, ज्यांची जबानी आणखी कुणी घेत नाही. ‘वीरनारी’ म्हटलं की त्यांचं शेत, कर्ज, सासर आणि वाट पाहणं सगळं एका शब्दात गुंडाळलं जातं.

वही घेऊन जा. शाल नेऊ नका. ‘किती मारले’ हा प्रश्न घरी ठेवून जा. आधी जेवणाचं विचारा: लंगरात काय मिळायचं, भाकरीची आठवण कधी यायची. मग विचारा की पत्र कोण लिहून द्यायचं आणि घरी कोण वाचायचं. त्यानंतर गप्प बसा. बोलायला वेळ लागतो. ज्या माणसाला पन्नास वर्षं कुणी विचारलेलं नाही, तो पहिल्या दिवशी फक्त हवामान सांगतो. दुसऱ्या दिवशीही जा.